साप-बेडकांचे फोटो : हात लावू नका, गाव लिहू नका



मृग लागलं. आमच्या आजरा भागात धूळवाफेची पेरणी उरकली, तरवा टाकून झाला, आणि गेल्या चार रात्री खाचरात बेडकांचा जो काय गलका चाललाय, त्यानं झोप लागत नाही. त्याच्याबरोबर दरवर्षीची दुसरी वर्दळही सुरू झाली. रात्री नऊ-दहा वाजता पुण्या-मुंबईच्या, बेळगाव-गोव्याच्या गाड्या आंबोलीकडं जाताना दिसतात. डोक्याला बॅटरी, पायात गमबूट, गळ्यात हातभर लांब कॅमेरा. वाघ बघायला नव्हं, बेडूक आणि साप बघायला! गेल्या दोन वर्षांत यातल्या काही गाड्या आमच्या फाट्यावरही थांबायला लागल्या. "काका, तुमच्या शेतात बेडूक बघू का?" असं विचारणारी पोरं-पोरी भेटतात. काही विचारणारी, काही न विचारताच बांधावर उतरणारी.

गावात याच्यावर दोन तट आहेत. निम्मे म्हणतात, खायला जास्त झालंय यांना. निम्मे म्हणतात, माणशी शंभर रुपये लावा. मला दोन्ही पटत नाही, म्हणून हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो. हा छंद चांगला आहे, शहरातल्यांपेक्षा आपल्या शेतकऱ्याला तो जास्त उपयोगाचा आहे. पण तो हात न लावता करायचा, आणि फोटोबरोबर जागेचं नाव गावभर करायचं नाही. या दोन गोष्टी ज्याला पाळायच्या नाहीत, त्यानं शेतात येऊ नये.

चार पावसाळे झाले, मी माझ्या शेतात जे दिसेल त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवतो. फोटोबरोबर वहीत तारीख, वेळ, पाऊस होता का नव्हता, आणि पिकात की बांधावर एवढंच लिहितो. कॅमेरा नाही, साधाच फोन. आज वहीत सापांच्या ११ आणि बेडकांच्या ९ जाती आहेत. बेडकांतल्या दोन मला अजून ओळखता आल्या नाहीत. अडीच एकराचा तुकडा, त्यात भात, थोडा ऊस, वर काजूची झाडं. एवढ्यात एवढी वस्ती असेल, असं वही ठेवेपर्यंत कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

पहिल्या मोठ्या पावसात पिवळाधमक होऊन ओरडणारा मोठा बेडूक सगळ्यांना माहीत आहे. तो पिवळा रंग नराला आणि तोही विणीच्या दिवसांपुरताच. पुढं तो पुन्हा मातकट हिरवा होतो. एकेकाळी याच्या तंगड्या परदेशात जायच्या. १९८७ साली सरकारनं ती निर्यात बंद केली. आमच्या खाली कोकण-गोव्याकडं खाण्यासाठी चोरून पकडतात, ते अजून थांबलेलं नाही. पण त्याच खाचरात नखाएवढे बेडूक असतात, ज्यांचा आवाज त्यांच्या अंगाच्या शंभरपट. बॅटरी मारली की आवाज बंद. बॅटरी विझवून दहा मिनिटं गप्प बसायचं, मग पुन्हा सुरू. फोटो काढायला एवढा धीर लागतो, आणि तेवढ्या वेळात शेतातलं इतर काय काय कळतं! कुठल्या बांधाला खेकड्यानं भोक पाडलंय ते मला रात्री बेडूक बघतानाच समजलं.

पाण्यावर झुकलेल्या फांदीला कापसासारखा फेसाचा गोळा लटकलेला तुम्ही पाहिला असेल. ते झाडबेडकाचं घरटं. मादी फेस काढून त्यात अंडी घालते. पिल्लं बाहेर आली की थेट खाली पाण्यात पडतात. म्हणून फांदी पाण्यावरची निवडलेली असते. आंबोलीकडं मलबारी उडता बेडूक आहे, त्याच्या बोटांमधला पडदा तांबूस-केशरी. तो पडदा पसरून एका झाडावरून खालच्या झाडावर तरंगत जातो. विहिरीकडंच्या फांद्या छाटायच्या असतील तर पावसाळा संपल्यावर छाटा, एवढंच माझं म्हणणं.

आणि देवगांडूळ. शेणखताच्या खड्ड्यात, ओल्या मातीत खणताना गांडुळासारखं पण जाड, अंगावर कड्या कड्या असलेलं काहीतरी सापडतं. माणसं त्याला सापाचं पिल्लू समजून खोऱ्यानं तोडतात. तो साप नाही, गांडूळही नाही. बेडकाच्या गोतातला बिनपायाचा प्राणी आहे. यातल्या काही जातींत आई अंड्यांना वेटोळं घालून राखण करत बसते. विष नाही, चावणं नाही. माती ओली आणि जिवंत असल्याची ही खूण. मी त्याचा फोटो आमच्या कृषी सहायकांना दाखवला, तर तेही म्हणाले, "मी आजवर हे फक्त पुस्तकात पाहिलं होतं."

आता सापांकडं येतो, कारण खरा प्रश्न तिथं आहे.

सर्पदंशानं भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख माणसं मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. यात बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी आपलीच माणसं, आणि निम्म्याच्या आसपास मरण पावसाळ्याच्या चार महिन्यांत. केंद्र सरकारनं २०२४ साली कार्यक्रम जाहीर केला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. म्हणजे साप हा आमच्यासाठी नुसता छंदाचा विषय नाही, हे शहरातल्या मित्रांनी ध्यानात घ्यावं. आमच्या बायका पहाटे उसात पाचट गोळा करायला वाकतात, तेव्हा त्यांच्या हाताशी कॅमेरा नसतो.

पण याच कारणानं मी म्हणतो की शेतकऱ्यानं फोटो काढायला शिकावं. आपल्याकडं साप दिसला की काठी. विषारी का बिनविषारी हा प्रश्न साप मेल्यावर विचारतात. शेजारच्या मळ्यात गेल्या वर्षी असंच झालं. भिंतीवर चढलेला काळपट, पांढऱ्या पट्ट्यांचा साप मण्यार म्हणून मारला. होता तो कवड्या. बिनविषारी, पाली खाणारा. दोघांतला फरक फोटोत शांतपणे बघता येतो. मण्यारीचे पांढरे पट्टे बारीक, जोडीजोडीनं, आणि मानेजवळ पुसट किंवा नसतातच, शेपटीकडं ठळक होत जातात. पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग असते. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडं विरत जातात. भिंतीवर सरसर चढणारा बहुतेक वेळा कवड्याच. पण "बहुतेक वेळा" हा शब्द लक्षात ठेवा. म्हणूनच ओळख फोटोवरून, लांबून करायची. हातात धरून नाही.

दुसरी गफलत याच्या उलट आणि जास्त वाईट. घोणशीला अजगराचं पिल्लू समजून उचलतात. जाड अंग, सुस्त चाल, पाठीवर ठिपके, झालं! घोणशीच्या पाठीवर साखळीच्या कड्यांसारख्या लांबट ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, आणि डिवचली की कुकरच्या शिटीसारखा आवाज काढते. तो आवाज आला की माणसानं मागं सरायचं असतं. आजकालची पोरं मोबाईल पुढं करतात.

धामणीबद्दल वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. उसातल्या उंदरा-घुशींसाठी आपण झिंक फॉस्फाईडच्या गोळ्या टाकतो. धामण ते काम फुकटात करते, आणि उंदराच्या बिळात आतपर्यंत जाते, जिथं आपली गोळी पोचत नाही. माझ्या वहीत तीन वर्षं एकाच ताली जवळ धामण आहे. तीच का दुसरी, सांगता येत नाही. पण त्या कडेचा ऊस उंदरांनी सगळ्यात कमी कुरतडलाय. एका शेतकऱ्याच्या वहीवरून शास्त्र ठरत नाही, मला मान्य. कृषी अधिकारी मंडळींनी मात्र पीक पाहणीत किडींबरोबर बेडूक-साप किती दिसले याचा एक रकाना ठेवायला काय हरकत आहे? परभक्षी कोळी, चतुर मोजता, मग बेडूक का नाही?

एवढा फायदा आहे तर मग माझी तक्रार कशाबद्दल?

पहिली तक्रार हात लावण्याबद्दल. मागच्या आषाढात एक टोळी आली. परवानगी मागून आली, बोलायलाही चांगली. मी सोबत होतो. पंधरा मिनिटांत त्यातल्या एकानं झुडपातला बेडूक उचलून तेरड्याच्या फुलाशेजारी नेऊन बसवला, कारण "काका, इथं बॅकग्राउंड छान येतं." बेडूक उडी मारून गेला की पुन्हा धरून आणायचा. चारदा. फोटो सुंदर आला असेल. पण त्या फोटोत बेडूक जिथं बसलाय तिथं तो आपणहून कधी बसत नाही. ती नोंद खोटी झाली. बेडकाची कातडी पातळ आणि ओली असते, तो तिच्यातून श्वासही घेतो आणि पाणीही. त्या पोराच्या हाताला डास पळवायचं मलम होतं. आपल्याला फवारणीच्या वेळी सांगतात, हातमोजे घाला, अंगावर औषध पडू देऊ नका. बेडकाला तर अख्ख्या अंगानं ते प्यावं लागतं. फवारणीचं जे आपण करतो त्याचाही हिशोब यात आहेच. मी फुकट शहरावर ढकलत नाही.

दगड उलटायचे आणि तसेच टाकून जायचे, ही दुसरी खोड. सड्यावरच्या दगडाखाली विंचू, पाल, सापसुरळी, अंडी, सगळा संसार असतो. उलटा दगड म्हणजे छप्पर उडालेलं घर. आणि रात्री अंधारात तरव्यातून चालणं! दोन जणांच्या गमबुटानं माझ्या बांधाचं तोंड फुटलं, सकाळपर्यंत खाचरातलं पाणी खालच्या ओढ्याला. त्याचे पैसे त्यांनी नंतर विचारले, मी घेतले नाहीत. पण रोपांची जी पट्टी तुडवली, ती विकत कुठं मिळते?

आपल्या गावच्या पोरांचं आणखी वेगळं. त्यांना फोटो नको, रील हवी. साप शेपटीला धरून, गळ्यात घालून, फण्याला तोंड लावून. "सर्पमित्र" असं स्वतःच लिहायचं. वन विभागाच्या परवानगीशिवाय साप पकडणं, बाळगणं, खेळवणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हे बाजूला राहू दे. नागाला तो कायदा माहीत नाही. खरे, जबाबदारीनं काम करणारे सर्पमित्र आहेत. ते रात्री बेरात्री आकडा आणि पिशवी घेऊन येतात, साप घरातून काढतात, वन विभागात नोंद करतात आणि सोडतात. त्यांची रील निघत नाही.

आंबोलीला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिथं सगळ्यांना मलबारी चापडा हवा असतो. हिरवा, पिवळा, तपकिरी, अनेक रंगांत मिळतो आणि तासन्‌तास एका जागी बसून राहतो, म्हणून फोटोवाल्यांचा लाडका. बसून राहतो म्हणजे मवाळ आहे असं नाही. आपल्या दवाखान्यात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर बनलेलं असतं. चापड्यावर नाही. त्याच्या दंशानं माणूस सहसा मरत नाही, पण वेदना आणि सूज भोगावी लागते. फोन असेल तर झूम वापरा. सापापासून दोन काठ्यांचं अंतर ठेवा, उजेड बाजूनं द्या, डोळ्यात मारू नका, आणि कॅमेऱ्यातून बघताना पाय कुठं पडतोय ते दुसऱ्यानं बघावं. एकट्यानं रात्री जाऊच नये.

आणि कुणाला साप चावलाच, तर फोटोसाठी सापामागं धावू नका. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण "डॉक्टरला दाखवायला फोटो पाहिजे" असा समज पसरलाय. डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात. कोऱ्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर विषानं रक्तावर परिणाम केलाय हे कळतं. पापण्या जड होणं, गिळता न येणं ही नाग-मण्यारीची खूण. मण्यारीच्या दंशात तर कधी जागेवर दुखतही नाही, पहाटे पोटात दुखून उठतो माणूस. घट्ट दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका. अंगठी-बांगडी काढा, हात-पाय हलू न देता थेट दवाखाना गाठा. देवळात नंतर जाता येतं.

आता जागेच्या नावाचं. माझ्या पुतण्याचं आणि माझं याच्यावरून वाजतं. तो म्हणतो, "काका, आंबोलीत या नादामुळं लोकांची घरं चालतात. राहायची सोय, जेवण, वाट दाखवणारा, सगळ्यांना पैसे. आपण गावाचं नाव लपवून काय मिळवणार?" त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. भाताला काय मिळतं ते आपण जाणतो. घनसाळचा वास जगभर जाईल, पण भाव गावातच राहतो.

माझं त्याला उत्तर मांडूळ. बिनविषारी, मातीत राहणारा, उंदीर खाणारा गरीब साप. त्याला दोन तोंडं आहेत, तो गुप्तधन दाखवतो, वजन अमुक भरलं तर कोटी मिळतात, अशा अफवांवर त्याची तस्करी चालते. पेपरात महिन्या-दोन महिन्यांनी बातमी असतेच. मांडुळाचा फोटो, खाली गावाचं नाव आणि वाडीचं नाव, असं टाकलंत की तुम्ही चोराला पत्ताच दिला. हेच दुर्मिळ बेडकांचं, पालींचं. आंबोलीचा टोड शास्त्रज्ञांनी २००९ साली वेगळी जात म्हणून जगाला सांगितला. सड्यावरच्या खळग्यातल्या पाण्यात त्याची वीण होते, आणि जगात त्याची जागा तेवढ्या परिसरापुरतीच. अशा जागेवर एका शनिवारी चाळीस गाड्या थांबल्या, तर टायराखाली जे जाईल ते परत कुठून आणायचं?

आमच्या हिरण्यकेशीचंच बघा. नदी आंबोलीच्या देवळापाशी उगम पावते आणि आजऱ्यावरून पुढं जाते. तिथल्या कुंडातला एक छोटा मासा २०२० साली नवीन जात म्हणून जाहीर झाला, आणि पुढच्याच वर्षी सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ केली. मासा आहे, आजचा विषय नव्हे, पण मुद्दा तोच. नाव जाहीर झालं त्याबरोबर राखणही जाहीर झाली. असं होणार असेल तर नाव सांगायला माझी ना नाही. राखण कुणीच करणार नसेल तर नाव कशाला?

शास्त्रज्ञांना मात्र अचूक जागा लागते, आणि ती त्यांना द्यावी. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरच्या, गळ्याला निळा-काळा-केशरी पंखा असलेल्या सरड्याला २०१६ मध्ये नवीन शास्त्रीय नाव मिळालं, आणि त्याच्या प्रजातीचं नाव ठेवलं 'सरडा'. आपलाच शब्द! पुढं २०१८ साली त्याच पठारावरच्या अभ्यासात दिसलं की पवनचक्क्या आहेत तिथं शिकारी पक्षी कमी आणि हे सरडे जास्त. जागेची नेमकी नोंद नसती तर हे कळलं नसतं. आयनॅचरलिस्ट नावाच्या ॲपवर नोंद टाकताना जागा अस्पष्ट ठेवायची सोय आहे, ती वापरा. लोकांना तालुका कळेल, बांध कळणार नाही. फेसबुकवर टाकताना जिल्हा आणि महिना पुरे. फोनच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करून ठेवा. पुतण्याला मी हेच सांगितलं, की माणसं आण, जेवण घाल, पैसे घे, पण सोबत तू राहा आणि साप दाखवायची हमी कुणाला देऊ नकोस. हमी दिली की साप पकडून ठेवावा लागतो. त्याला हे अजून पुरतं पटलेलं नाही.

माझ्या शेतात यायचं असेल त्यांच्यासाठी : तरवा तयार व्हायला अजून तीन आठवडे, मग रोपलावण. लावणीच्या पंधरा दिवसांत कुणीही येऊ नका, बांधावर पाय ठेवायला जागा नसते आणि आम्हालाही वेळ नसतो. त्याआधी किंवा नंतर यायचं तर आठ दिवस आधी कळवा. एका वेळी चौघं, रात्री दहाच्या आत परत. काढलेल्या फोटोंची एक प्रत मला पाठवा, वहीत जाती लिहायच्या राहिल्यात. त्या दोन न ओळखलेल्या बेडकांचे फोटो खाली टाकतोय, पोटाकडूनचा आणि पाठीचा. एकाचा आवाज काच घासल्यासारखा, दुसऱ्याचा टिक-टिक. कुणा जाणकाराला सांगता आलं तर सांगा.